स्मरणरंजनापलीकडचे चॅपेल

वेल्समधल्या खाणगावातले बालपण म्हटले की जगभरच्या वाचकांना आणि प्रेक्षकांना आधी 'हाउ ग्रीन वॉज माय व्हॅली' आठवते. रिचर्ड लेवेलिन यांची ही कादंबरी १९३९ साली आली. १९४१ मध्ये जॉन फोर्ड यांनी तिच्यावर चित्रपट काढला आणि 'सिटिझन केन'ला मागे टाकून त्याने सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे ऑस्कर मिळवले. लेवेलिन आपण वेल्समध्ये जन्मल्याचे सांगत. ते लंडनच्या हेंडन भागात जन्मले होते, हे त्यांच्या मृत्यूनंतर उजेडात आले. कादंबरीचा तपशील त्यांनी गिल्वाख गोख या गावातल्या खाणकामगारांकडून मिळवला होता, आणि चित्रपटातले गाव तर कॅलिफोर्नियात उभारलेले होते. यावरून काही जण म्हणतात की खाण, चॅपेल (अधिकृत चर्चबाहेरच्या प्रोटेस्टंट पंथांचे प्रार्थनाघर) आणि समूहगायनाच्या या आठवणी म्हणजे नुसते स्मरणरंजन. मला हे पटत नाही. एका कादंबरीकाराने बालपण उसने घेतले म्हणून ज्यांचे ते खरोखर होते त्यांची साक्ष खोटी ठरत नाही. चित्रपटाने केलेले नुकसान वेगळेच आहे. त्याने चॅपेलचे गाणे आपल्या कानांत ठेवले, पण चॅपेलचा रोजचा कारभार फारसा दाखवला नाही. आणि त्या बालपणाचे मोल या कारभारातच आहे.

दक्षिण वेल्समधल्या ऱ्होंडा खोऱ्यात १८५१ साली हजारभर माणसेही नव्हती. १९११ पर्यंत ती दीड लाखाच्या पुढे गेली. कोळशामागे धावत आलेल्या या वस्तीसाठी मालकांनी खाणी खोदल्या, घरांच्या काही रांगाही उठवल्या. चॅपेले मात्र लोकांनी बांधली, कर्ज काढून आणि आठवड्याच्या मजुरीतून नाणी बाजूला टाकून. बॅप्टिस्ट आणि इंडिपेंडंट या पंथांच्या चॅपेलांत धर्मोपदेशक कोण असावा हे सभासदच ठरवत. हिशेब सभासदांपुढे येत, आणि व्यासपीठासमोरच्या 'मोठ्या आसना'वर बसणाऱ्या डीकनांत, म्हणजे चॅपेलच्या कारभाऱ्यांत, आठवडाभर कोळसा फोडणारेही असत. रविवारच्या शाळेत मुले आणि प्रौढ दोघेही वेल्श वाचायला शिकत. दुसरीकडे, एकोणिसाव्या शतकात अनेक दिवसशाळांत वेल्श बोलणाऱ्या मुलाच्या गळ्यात शिक्षा म्हणून लाकडी तुकडा अडकवला जाई. १८४७ च्या सरकारी अहवालाने तर वेल्श भाषा आणि ही चॅपेले याच लोकांच्या प्रगतीतल्या अडचणी ठरवल्या. तो लिहिणाऱ्या तिघाही आयुक्तांना वेल्श येत नव्हती.   या गावांतल्या बालपणाच्या आठवणींत त्याच त्या गोष्टी येतात: सगळ्यांसमोर उभे राहून म्हटलेले बायबलचे वचन, सोल-फा या स्वरलेखन पद्धतीने वाचलेले सूर, व्हिटसन या ख्रिस्ती सणाच्या सुटीतली झेंडे घेतलेली मिरवणूक. ऐकणाऱ्याला ते गोड वाटते. पण सात वर्षांच्या मुलाने भरल्या सभेत उभे राहून न चुकता बोलणे हे शिक्षण होते, आणि अशा मुलांना ते दुसरीकडे क्वचितच मिळे.

यावर डावीकडून येणारा आक्षेप वजनदार आहे. चॅपेलने मजुरांना सोसायला शिकवले, परलोकाची आशा दाखवून मालकांचे काम सोपे केले, असा तो आक्षेप. 'माबोन' या नावाने ओळखले जाणारे विल्यम एब्रहम यांचे उदाहरण दिले जाते. चॅपेलमध्ये घडलेले हे कामगारनेते १८८५ मध्ये ऱ्होंडाचे खासदार झाले. सभेत वाद पेटला की ते धार्मिक गीत सुरू करत, आणि मालकांशी तडजोडीवर त्यांचा भर असे. हे खरे. पण खाणकामगारांच्या १९२६ च्या मोठ्या लढ्यात त्यांच्या संघटनेचे सरचिटणीस असलेले, मालकांना सर्वांत नकोसे वाटणारे ए. जे. कुक हेही तरुणपणी बॅप्टिस्ट प्रचारक होते. एकाच शाळेतून तडजोड करणारा आणि झुंजणारा असे दोघे निघाले, तेव्हा ती शाळा केवळ आज्ञाधारकपणाची नव्हती. दक्षिण वेल्समधल्याच ट्रेडेगर गावात कामगार मजुरीतून ठरावीक पैसे भरून स्वतःची वैद्यकीय मदत संस्था चालवत. ती चॅपेलची नव्हती, पण वर्गणी, समिती, हिशेब, मतदान ही रीत तीच. याच गावचे अन्यूरिन बेव्हन, बॅप्टिस्ट खाणकामगाराचे चिरंजीव, १९४८ मध्ये ब्रिटनची राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू करणारे मंत्री झाले.

दुसरा आक्षेप मला अधिक बोचतो, आणि तो टाळता येणार नाही. ही चॅपेले निर्दयही होती. लग्नाआधी दिवस गेलेल्या मुलीला भर सभेत उभे करून सभासदत्वातून काढले जाई. लेवेलिन यांनीही असा प्रसंग लिहिला आहे, आणि तो त्या गोड गोष्टीतला सर्वांत खरा भाग आहे. डीकनांच्या आसनावर पुरुष, चहाच्या भांड्यांशी बायका. ज्या सभासद-यादीने मजुराला मत दिले तिच्यातूनच एखाद्या पोरीचे नाव खोडले गेले. हे मान्य केल्याने माझे म्हणणे कमजोर होत नाही. सत्ता तिथे खरोखर लोकांच्या हाती होती, म्हणूनच तिचा गैरवापरही त्यांचाच.

तरीही संकटात गाव चॅपेलकडेच वळे. २१ ऑक्टोबर १९६६ रोजी दक्षिण वेल्समधल्या अ‍ॅबरव्हॅनमध्ये कोळशाच्या कचऱ्याचा डोंगर शाळेवर कोसळला. १४४ जण गेले, त्यांतली ११६ मुले. ओळख पटवण्यासाठी मृतदेह बेथानिया चॅपेलमध्ये ठेवले गेले. त्यानंतर गावातल्या शोकाकुल पुरुषांनी एकत्र येऊन अनिसोवेन गायकवृंद उभा केला. तो काळ आता सरला: २०२१ च्या जनगणनेत कॅरफिली, ब्लायनाई ग्वेंट आणि ऱ्होंडा कनन टाफ या जुन्या खाणपट्ट्यांत निम्म्याहून अधिक लोकांनी आपला कोणताच धर्म नसल्याचे नोंदवले. चॅपेले एकामागून एक बंद पडत आहेत. काहींच्या सदनिका झाल्या, काही पाडली गेली. इमारती वाचवण्यासाठी न्यास आहेत, ते काम चांगलेच आहे. पण रिकाम्या बाकांवरून कारभार कसा चालत असे ते कळत नाही. स्वान्सी विद्यापीठात १९७३ पासून दक्षिण वेल्स खाणकामगार ग्रंथालय आहे आणि तिथे जुन्या कामगारांच्या मुलाखती ध्वनिमुद्रित आहेत. त्याच चिकाटीने आता चॅपेलच्या रविवार-शाळेतल्या शेवटच्या पिढीचे, विशेषतः तिथल्या स्त्रियांचे, बोलणे नोंदवायला हवे. ज्यांनी १९४० च्या दशकात तिथे वचने म्हटली, त्यांनी आता ऐंशी ओलांडली आहे.