अर्धी गोळी

"रातभर डोया नाही लागला रे बापू."

आईचं हे वाक्य यंदा मार्चपासून मे संपेपर्यंत आमच्या घरात रोज पहाटे ऐकू यायचं. आणि रोज आमच्यापैकी कोणीतरी त्यावर ठरलेलं उत्तर द्यायचं. एक तर, "आई, वय झालं की झोप कमीच लागते." नाहीतर, "एवढं मोठं ऑपरेशन झालंय, थोडं तर होणारच." मग लगेच सगळे गुडघ्याकडे वळायचो. किती वाकतोय? सरळ होतो का? वॉकर घेऊन किती फेऱ्या झाल्या?

मला आज भांडायचंय ते या दोन उत्तरांशी. आणि इथे वाचणाऱ्यांत आमचे नातेवाईक बरेच आहेत, तेव्हा थोडं तुमच्याशीही. राग मानू नका... मानलात तरी चालेल.

आईचं वय ७१. उजवा गुडघा अकोल्याला बदलला. शस्त्रक्रिया छान झाली, दुसऱ्या दिवशी तिला उभं केलं, पाचव्या दिवशी आम्ही वडनेरला घरी. 'गुडघा बदलणे' हा शब्द आमच्या घरात आला तो २००० साली, वाजपेयींमुळे. त्या ऑक्टोबरात डॉ. चित्तरंजन राणावतांनी मुंबईच्या ब्रीच कँडीमध्ये त्यांचा डावा गुडघा बदलला, पुढच्या वर्षी जूनमध्ये उजवा. तेव्हा आमचे आजोबा म्हणाले होते, हे पंतप्रधानांचं काम, आपलं नाही. पुढे ऑगस्ट २०१७ मध्ये सरकारने कृत्रिम गुडघ्याच्या किमतीवर मर्यादा आणली, तेव्हा साधा कोबाल्ट-क्रोमचा गुडघा ५४,७२० रुपये अधिक जीएसटी असा ठरला. आता आमच्या आळीतच तीन बदललेले गुडघे आहेत. सांगायचा मुद्दा हा की गुडघ्याबद्दल आपल्याला बरंच कळायला लागलंय. रात्रीबद्दल काहीच नाही.

आमच्या चार तपासण्या झाल्या. टाके, सूज, वाकण्याचा कोन, सगळं विचारलं गेलं. झोप कशी आहे हे एकदाही नाही. आणि आम्हीही सांगितलं नाही, कारण झोप न येणं ही तक्रार आहे असं आम्हालाच वाटत नव्हतं.

रात्र कशी असते ते सांगतो. दिवसा माणसं असतात, व्यायाम असतो, टीव्ही असतो. रात्री पाय एकाच जागी पडून आखडतो, कुशीवर वळता येत नाही, मन गुंतवायला काही नाही. दुखण्याची गोळी आठला जेवणानंतर घेतलेली, तिचा जोर दीड-दोनला संपतो. बाहेर महामार्ग (जुना सहा नंबर, आता ५३), ट्रक रात्रभर चालू. आमच्या भागातला एप्रिल-मे ज्यांनी पाहिलाय त्यांना उकाड्याचं वेगळं सांगायला नको. एरवी ती अंगणात बाजेवर झोपणारी बाई, पण बाज खोलगट आणि ठेंगणी, त्यावरून उठणं शक्य नाही. म्हणून आत, उंच दिवाणावर, कूलरच्या घरघरीत. बरं, रात्री दोनदा लघवीला उठायचं. उठवायला कोण? माझी बायको. मी झोपलेला असायचो हे इथे कबूल करून टाकतो.

तर एकोणिसाव्या दिवशी भेटायला आलेल्या एका जवळच्या माणसाने पाकिटातून पट्टी काढली. "अर्धीच दे. मी दोन वर्षं घेतोय, काही होत नाही." अल्प्राझोलाम. मी नाव वाचलं, मला माहीत होतं, आणि तरी मीच दिली. आईला झोप मिळावी म्हणून दिली असं मी सगळ्यांना सांगत होतो. खरं म्हणजे रोज पहाटेचं ते वाक्य मला ऐकायचं नव्हतं.

अडीच वाजता धप्प आवाज आला. वॉकर दिवाणाजवळच उभा, आई दाराशी खाली बसलेली, कोपर सोललेलं. "गाडी जुपली का?" विचारत होती. तिला ती माहेरी होती आणि तिचे बाबा बैलगाडी काढत होते. दुपारपर्यंत ती पूर्ण भानावर नव्हती. अकोल्याला नेलं, एक्स-रे काढला. गुडघा वाचला होता. डॉक्टरांनी पट्टी पाहिली आणि मला दाराबाहेर नेऊन जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. बरोबरच बोलले.

नंतर वाचत बसलो. या गटातल्या गोळ्या म्हाताऱ्या माणसांना टाळाव्यात, त्यांनी तोल जातो, माणसं पडतात, भ्रम होतो, हे काही गुपित नाही. डॉ. मार्क बिअर्स यांनी १९९१ साली वृद्धांसाठी धोक्याच्या औषधांची यादी केली, अमेरिकेतली वृद्धरोगतज्ज्ञांची संस्था ती वेळोवेळी सुधारते, त्यात या गोळ्या आहेत. आणि आई दुखण्यासाठी ट्रॅमाडॉल घेत होती! त्या जातीचं वेदनाशामक आणि झोपेची ही गोळी एकत्र आल्या तर श्वासच मंदावू शकतो. अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी २०१६ मध्ये दोन्ही प्रकारच्या औषधांवर सर्वांत कडक इशारा छापायला लावला तो यासाठी. आपल्याकडेही २०१४ पासून या दोन्ही गोळ्या एच-१ यादीत आहेत, म्हणजे दुकानदाराने चिठ्ठीशिवाय द्यायच्या नाहीत आणि वहीत नोंद ठेवायची. पण पाहुण्याच्या पाकिटाला कुठली वही?

ज्यांना नियमाने ही गोळी चालू आहे त्यांनी माझं वाचून ती एकदम बंद करू नका, तेही धोक्याचं असतं. डॉक्टरांना विचारून हळूहळू.

आता 'वय झालं की झोप कमीच लागते'. चूक. पासष्टीनंतरही सात-आठ तास लागतातच. झोप उथळ होते, तुटते, लवकर जाग येते, पण गरज फारशी कमी होत नाही. आणि 'थोडं तर होणारच' हे अर्धं खरं आहे. पहिले काही आठवडे झोप बिघडते, बहुतेकांची तीन ते सहा महिन्यांत सुधारते. पण नेमके तेच आठवडे गुडघा वाकवण्याचे, सरळ करण्याचे असतात. रात्रभर जागलेल्या माणसाला दुखणं जास्त जाणवतं, सकाळी व्यायामाला उठवत नाही, मग आपणच म्हणतो, "आई मनावर घेत नाही."

पडल्यानंतर डॉक्टरांशी पहिल्यांदा रात्रीबद्दल बोललो. त्यांनी दुखण्याच्या गोळ्यांच्या वेळा बदलल्या, शेवटची झोपताना आली. बीपीची लघवी होणारी गोळी संध्याकाळची सकाळी गेली. आम्ही गुडघ्याखाली मायेने उशी ठेवत होतो, ती काढायला लावली. तिने बरं वाटतं पण गुडघा वाकलेलाच राहतो. ठेवायची तर टाचेखाली. (खुब्याचं ऑपरेशन असेल तर उशीची गोष्ट वेगळी, तिथे दोन पायांच्या मधे ठेवायला सांगतात.) दिवाणाशेजारी कमोडची खुर्ची आली, झिरोचा दिवा आला. सकाळी आठला तिला ओट्यावर उन्हात बसवायला लागलो. दुपारची झोप अर्ध्या तासावर आणली, त्यावरून ती माझ्याशी दोन दिवस बोलली नाही.

आणि चहा. इथे तुम्ही येता, मंडळी. भेटायला येणारा प्रत्येक जण संध्याकाळी सात ते दहा. प्रत्येकाबरोबर आईला अर्धा कप. वर तुमच्या नणंदेचा, व्याह्यांचा, कोणाचा गुडघा कसा बिघडला याच्या कथा, साडेदहापर्यंत. मग ती त्याच कथा छताकडे पाहत रात्रभर दळत बसणार. हॉस्पिटलभोवतीच्या शांतता क्षेत्रात रात्री दहा ते सहा आवाजाची मर्यादा ४० डेसिबल, असा कायदा आहे. घरी आणलेल्या पेशंटसाठी कायदा नाही, म्हणून मी केला. भेटायची वेळ चार ते सहा. चारनंतर आईला चहा नाही. माणुसकी राहिली नाही, असं दोघांनी आमच्या पाठीमागे म्हटलं, ते पोचलं.

आई आता रात्री एकदाच उठते, साधारण तीनला. झोप लागते परत. सगळ्याच रात्री नाही.

मामांचा काल फोन होता, रविवारी संध्याकाळी येतो म्हणाले, जेवायलाच. मी म्हटलं, चारला या. ते म्हणाले, "चारला ऊन किती असतं रे." मी म्हटलं, कूलर लावून ठेवतो.