मुखपृष्ठ फाडणारे रसिक

जुन्या पुस्तकांच्या एका दुकानात मध्यंतरी दिवाळी अंकांचा एक गठ्ठा हाती आला. वीस-बावीस अंक होते. एकालाही मुखपृष्ठ नव्हते. विचारले, तर दुकानदार सहज म्हणाला, "कव्हरला गिऱ्हाईक आहे, साहेब. चौकटीत लावतात. आतल्याला कोण विचारतो?"

हल्ली याला संग्रह म्हणतात. माझ्या मते ही निव्वळ नासधूस आहे आणि ती रसिकतेच्या नावाने चालते म्हणून अधिक घातक आहे.

काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ साली 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून चित्र आणि मजकूर मराठी घरांत जोडीनेच येत राहिले. १९१६ साली गोव्यात जन्मलेल्या दीनानाथ दलालांनी १९४५ साली 'दीपावली' सुरू केले. ते काय केवळ मुखपृष्ठाचे चित्रकार होते? आतील कथांनाही त्यांच्याच कुंचल्याने चेहरे दिले. मुखपृष्ठ वेगळे केले की वर्ष, मुद्रक, संपादक, चित्रकाराचा नामोल्लेख, सारे मागे राहते. भिंतीवर उरते ती एक अनाथ सुंदरी. 'आवाज'ची खिडकीचित्रे आठवा. त्यांतली सारी गंमत पान उलटण्यात आहे. ते पान फाडून भिंतीवर लावाल, तर खिडकीतून भिंतच दिसेल!

कोणी म्हणेल, "निदान चित्र तरी वाचले; तुम्ही तर अख्खा अंक रद्दीत घातला असता." हा आक्षेप खरा आहे आणि तो आपल्याला झोंबायला हवा. नाताळपूर्वीच्या साफसफाईत माळ्यावरचे गठ्ठे तागडीत टाकणारे आपणच. आजोबांनी पदरमोड करून घेतलेला अंक किलोच्या भावाने देताना आपला हात थरथरला नाही. मग फाडणाऱ्याला दोष कोणत्या तोंडाने द्यायचा? पण एका चुकीने दुसरी क्षम्य ठरत नाही.

जतन करणे अवघड नाही. लाकडाच्या लगद्याचा स्वस्त कागद उन्हाने पिवळा पडतो, ठिसूळ होतो. किनाऱ्यावरच्या दमट हवेत टाचण्या गंजतात. म्हणून अंक उन्हापासून दूर, कोरड्या जागी, आडवे ठेवावेत. गंजलेली टाचणी अलगद काढून दोऱ्याने शिवावे. चिकटपट्टी लावू नये आणि प्लास्टिकचा मुलामा तर कधीच देऊ नये. तो पुन्हा सुखरूप निघत नाही. भिंतीवर चित्र हवेच असेल, तर मुखपृष्ठाची छायाप्रत काढून लावावी.

आणि प्रत्येक धर्मग्रामाच्या वाचनालयात एक कपाट अशा अंकांसाठी राखावे. त्याची नोंदवही असावी. अंक तिथेच बसून वाचावा, मुलांनाही हाताळू द्यावा. कुलपात कोंडलेला अंक आणि फाडलेला अंक यांत वाचकाच्या दृष्टीने फारसा फरक नाही.

येत्या साफसफाईत माळ्यावर चढाल, तेव्हा रद्दीवाल्याला हाक मारण्याआधी ते गठ्ठे एकदा उघडून पाहा. आणि उद्या कोणी केवळ मुखपृष्ठांसाठी दाराशी आला, तर त्याला स्पष्ट सांगा, "अंक अखंड आहे. न्यायचा तर अखंड न्या. नाहीतर राहू द्या."