ऊब फिरावी, धूर फिरू नये

सातारा जिल्ह्यातील महाबळेश्वर, जावळी व पाटण आणि सांगली जिल्ह्यातील शिराळा या डोंगराळ तालुक्यांत चुलीला अन्न शिजविण्याखेरीज दुसरेही काम असते. आषाढ-श्रावणातील संततधार आणि पौषातील गारठा यांत घर उबदार राखावयाचे ते तिनेच. गॅस आलेल्या पुष्कळ घरांतही आंघोळीच्या पाण्यासाठी व शेकण्यासाठी चूल पेटतेच.

१९४७ च्या सुमारास वर्ध्याच्या मगनवाडीतून निर्धूर मगन चूल पुढे आली. १९८३ पासून राष्ट्रीय सुधारित चूल कार्यक्रम राबविला गेला. तथापि धुराड्याबरोबर ऊबही निघून जाते, असा आक्षेप घेतला जातो. तो अडाणीपणाचा म्हणून झिडकारणे योग्य नव्हे, कारण त्यात तथ्य आहे. मात्र त्यावर उपाय म्हणून घरात धूर कोंडणे सर्वथा चुकीचे होय. धुराने माळ्यावरील कणसे किडीपासून वाचतात हे खरे. पण ती कणसे गृहिणीच्या फुप्फुसांहून मोलाची नाहीत.

चूल स्वयंपाकघर व माजघर यांमधील जाड भिंतीला लागून असावी. जाळ मुख्य चुलीवरून वैलाखाली जावा आणि मग धुराडे त्याच भिंतीला धरून वर चढावे. तापलेली भिंत रात्री सावकाश ऊब सोडते. कोरियातील ओंडोल आणि काश्मीरमधील हमाम यांत हेच काम जमीन करते. धूर फरशीखालून जातो, खोलीत येत नाही. शिवाय मधल्या भिंतीत आढ्याजवळ एक व जमिनीलगत एक झरोका ठेवल्यास उष्ण हवा वरून माजघरात येते आणि तेथील गार हवा खालून परतते. धूर पूर्णपणे बाहेर जात असेल, तरच हे झरोके ठेवावेत. स्वयंपाकघराची खिडकी उघडी असावी, भेगा वेळच्या वेळी लिंपाव्यात, काजळी काढावी आणि छपराच्या लाकडापासून धुराडे अंतरावर ठेवावे.

निजण्याच्या बंद खोलीत निखाऱ्यांची शेगडी कदापि नेऊ नये. निखाऱ्यांतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड वायूला रंग नाही, वास नाही. झोपलेला माणूस त्यामुळे जागा न होताच दगावतो. धूर दिसत नाही म्हणजे धोका नाही, ही समजूत प्राणघातक आहे. त्याच कारणाने, निखारे विझेपर्यंत धुराड्याचे तोंड झाकू नये.

भिंत कोठे घालावयाची हे बहुधा पुरुष ठरवितात, आणि धूर सोसतात स्त्रिया. म्हणून गावपातळीवरील कार्यकर्त्याने चुलीचा नकाशा पुढे करण्यापूर्वी सायंकाळी स्वयंपाकघरात घटकाभर बसावे; लहान मुले व वृद्ध कोठे निजतात, हे गृहिणीस विचारावे. तिच्या उत्तरावरून चुलीची जागा ठरली, तर धुराडे पुढच्या हिवाळ्यात बुजविले जाणार नाही.