आवाजातली ऊब आणि ‘डी’ वर्ग

घरी बसून संगीत ऐकणाऱ्या मंडळींत एक वाक्य वारंवार कानी पडते : ‘डी वर्गाचा अॅम्प्लिफायर म्हणजे डिजिटल, त्याच्या आवाजाला ऊब नाही.’ असे म्हणणारा माणूस बहुधा जुन्या तबकड्या जिवापाड जपणारा, चोखंदळ असतो. त्यामुळे ऐकणाराही मान डोलावतो. साहित्याच्या वर्गात एखाद्या विद्यार्थ्याने ‘या कवितेत अस्सल अनुभव आहे’ असे लिहिले, तर आपण त्याला लगेच विचारतो : अस्सल म्हणजे काय, आणि ते कवितेत नेमके कुठे आहे? तोच प्रश्न ‘ऊब’ या शब्दालाही विचारावा, एवढाच या टिपणाचा हेतू आहे.

आरंभ अक्षरापासूनच करू. ‘डी’ म्हणजे डिजिटल नव्हे. ए, बी, सी ही अक्षरे आधीच्या रचनांना दिली गेली होती, म्हणून पुढच्या रचनेला पुढचे अक्षर मिळाले. ए आणि एबी वर्गांत ट्रान्झिस्टर अर्धवट उघड्या नळासारखा काम करतो आणि अडवून धरलेली वीज उष्णता होऊन वाया जाते. डी वर्गात तो एक तर पूर्ण उघडा असतो, नाही तर पूर्ण बंद. आणि ही उघडझाप सेकंदाला काही लाख वेळा चालते. म्हणून घेतलेल्या विजेपैकी ९० टक्क्यांच्या आसपास वीज स्पीकरपर्यंत पोचू शकते; बी वर्गाची तात्त्विक कमाल मर्यादाच सुमारे ७८ टक्के आहे. उघडझापीतून सलग सूर कसा निघतो, हे समजायला वृत्तपत्रातले छायाचित्र आठवावे. तिथे करडी शाई नसतेच. काळ्या शाईचे लहानमोठे ठिपके असतात आणि अंतरावरून त्यांचाच चेहरा होतो. इथे ठिपक्याच्या आकाराची जागा स्पंदाची रुंदी घेते, आणि अंतराचे काम शेवटची गाळणी करते. माणसाचा कान फार तर सेकंदाला २०,००० कंपनांपर्यंत ऐकतो. उघडझापीचा वेग त्याच्या कितीतरी पलीकडचा असतो.

मात्र या वर्गाची अपकीर्ती सर्वस्वी खोटी होती, असे म्हणणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. १९६४ साली इंग्लंडात क्लाइव्ह सिंक्लेअर यांच्या कंपनीने एक्स-१० नावाचा असा अॅम्प्लिफायर विकायला काढला. दावा १० वॉटचा होता; प्रत्यक्षात शक्ती त्याहून बरीच कमी निघाली. कल्पना पुढे होती, पण तिला पेलणारे ट्रान्झिस्टर त्या काळी नव्हते. पुढच्या अनेक रचनांतही एक दोष राहिला. शेवटची गाळणी चुकांच्या दुरुस्तीच्या कक्षेबाहेर असल्यामुळे, स्पीकर बदलला की वरच्या पट्टीतला आवाज बदलायचा. कुठे तो टोचे, कुठे दबे. २००० नंतरच्या दशकात ब्रुनो पुत्झेस या बेल्जियन अभियंत्याने आणि त्याच्यासारख्या इतरांनी गाळणीलाही दुरुस्तीच्या कक्षेत घेतले आणि हा दोष चांगल्या यंत्रांतून जवळजवळ नाहीसा झाला. म्हणजे आक्षेप एके काळी खरा होता; आज तो चांगल्या यंत्रांविषयी उच्चारला जातो, तेव्हा ते केवळ पाठांतर असते.

मग ऊब कशाला म्हणतात? व्हॉल्व्हचे पुष्कळ अॅम्प्लिफायर मूळ सुरात स्वतःची थोडी भर घालतात. त्या भरीत दुप्पट कंपनांचा, म्हणजे वरच्या सप्तकातला तोच स्वर ठळक असतो. साहजिकच ती कानाला गोड लागते. हे माधुर्य आपल्या संगीताला अपरिचित नाही. तानपुऱ्याच्या घोडीवर जवारी लावतात ती उपस्वर फुलावेत म्हणूनच, आणि खर्जाच्या तारेतून उमटणारा स्वयंभू गंधार हा तिचा पाचवा उपस्वर. पण मिरजेच्या कारागिराने ही ऊब वाद्यात एकदा घातलेली आहे. ती पुन्हा यंत्रानेही घालावी काय? अनुवादाच्या भाषेत बोलायचे, तर व्हॉल्व्हचा अॅम्प्लिफायर भावानुवाद करतो. भावानुवाद आवडण्यात काही गैर नाही. फक्त त्यालाच मूळ संहिता म्हणू नये, आणि मुळाशी इमान राखणाऱ्याला कोरडा ठरवू नये.

हे सारे पुस्तकी वाटू नये म्हणून एक घरगुती प्रयोग सांगतो. पिंगुळीतल्या आमच्या घरी पावसाळ्यात वीज रात्रीबेरात्री जाते. जुना एबी वर्गाचा जड अॅम्प्लिफायर इन्व्हर्टरवर परवडेना, म्हणून डी वर्गाचा एक लहान अॅम्प्लिफायर आणला. दशावतारात पेटी वाजवणारे एक शेजारी ऐकायला आले. किशोरी आमोणकरांचा भूप लावला. पडद्याआड यंत्रे बदलत गेलो, आणि आम्हा दोघांनाही जुनेच सरस वाटले. नंतर स्पीकरच्या टोकांना मीटर लावून पाहिले, तर जुन्याचा आवाज किंचित मोठा होता. शेजारी हसून म्हणाले, ‘सर, मोठो आवाज कोणाकय बरोच वाटता.’ दोन्ही आवाज सारखे करून पुन्हा ऐकले, तेव्हा कोणता कुठला हे आम्हांला खात्रीने सांगता येईना. एका प्रयोगाने सिद्धान्त होत नाही, हे खरे. पण माझ्या आधीच्या मताला तेवढाही आधार नव्हता. याउलट, त्याआधी घेतलेल्या एका अगदी स्वस्त पट्टीतून शांततेतही सतत खरखर येत असे. म्हणजे डी वर्गातही डावे-उजवे आहेच.

फरक पडला तो दुसरीकडून. चिऱ्याच्या गिलावा केलेल्या भिंती, खाली गुळगुळीत लादी : टाळी वाजवली तरी घुमणारी खोली. जमिनीवर जाड सतरंजी अंथरली, एका भिंतीला पुस्तकांचे कपाट लावले, स्पीकर कोपऱ्यातून पुढे ओढले. ताना एकमेकींत मिसळत होत्या, त्या सुट्या झाल्या. अॅम्प्लिफायर बदलून जे झाले नव्हते, ते सतरंजीने केले.

आणि याही अलीकडे एक गोष्ट असते : मूळ ध्वनिमुद्रण. याच गावात ठाकर समाजाची चित्रकथी आहे. पोथीतले एकेक चित्र पुढे येते आणि समोर बसलेल्यांना रामायण-महाभारतातली कथा गाऊन, बोलून सांगितली जाते. २०२१ साली परशुराम गंगावणे यांना पद्मश्री मिळाली, तेव्हा गावाचे नाव दूरवर गेले. तो आवाज पुढच्या पिढीने घरी बसून ऐकायचा, तर तो ‘ए’ वर्गातून ऐकावा की ‘डी’तून, हा शेवटचा प्रश्न आहे. पहिला प्रश्न हा, की तो नीट माइक लावून, शांत जागी, पुरेसा वेळ देऊन मुद्रित झाला आहे काय. जी धार, जो श्वास मुद्रणातच उतरला नाही, तो कितीही महागडा अॅम्प्लिफायर परत आणून देणार नाही.

समीक्षेत विशेषणे स्वस्त असतात, वाचन महाग. श्रवणाचेही तसेच आहे. ऊब हवीच, पण ती गायकाच्या गळ्यात आणि वाद्याच्या घोडीवर शोधावी. यंत्राने ती वाटेत सांडू नये, एवढी अपेक्षा पुरे. आणि आजचा चांगला ‘डी’ वर्ग ती अपेक्षा पुरी करतो.