पात्रता ठरविणाऱ्यांची पात्रता

इंग्रजी राज्य हे हिंदुस्थानास लाभलेले एक कष्टप्रद पण हितकारक गुरुकुल होते, त्याने आम्हांस आगगाडी दिली, कायदा दिला, शाळा दिल्या, आणि हे सारे मिळाले नसते तर आम्ही अद्याप अंधारात चाचपडत राहिलो असतो, असा एक पूर्वपक्ष आजही पुष्कळ सुशिक्षितांच्या तोंडी ऐकू येतो. तो केवळ गोऱ्या ग्रंथकारांचा असता तर त्याची दखल घेण्याचे कारण नव्हते. परंतु तो मांडणारा गृहस्थ बहुधा आपल्यातलाच असतो, सबब त्याचा समाचार कोल्हापुरातच घेणे इष्ट, कारण त्याच्या दाव्यातील तिन्ही बाबींचा झाडा याच संस्थानाच्या इतिहासात मिळतो.

आगगाडीची बाब थोडक्यात निकालात निघते. मिरजेहून कोल्हापुरास 1891 साली जो लोहमार्ग आला, तो कोल्हापूर दरबारच्या मालकीचा, म्हणजे येथील रयतेच्या पैशाचा होता. आणि ब्रिटिश मुलखात इंग्लंडातील भागीदारांना पाच टक्के व्याजाची हमी ज्या तिजोरीतून मिळाली, तीही हिंदी रयतेनेच भरलेली होती. रोख पैसे मोजून घेतलेल्या जिनसेबद्दल गिऱ्हाइकाने दुकानदाराचे पिढ्यान्‌पिढ्या ऋणी राहावे, असा व्यवहार आमच्या कोल्हापूरच्या गूळबाजारात तरी चालत नाही.

परंतु खरा अपकार पैशाचा नव्हे, पालकत्वाचा आहे. तुमचे हित कशात आहे, तुम्ही शहाणे आहात की नाही, आणि शहाणे होणार असाल तर केव्हा, हे आम्ही ठरवू, ही ती वृत्ती. तिचे सर्वांत क्रूर उदाहरण करवीरकरांना दूर शोधावे लागत नाही. 1871 मध्ये दत्तक आलेले चौथे शिवाजी महाराज वेडे ठरविले गेले, अहमदनगरच्या किल्ल्यात गोऱ्या रखवालदारांच्या हवाली झाले, आणि 25 डिसेंबर 1883 रोजी ग्रीन नावाच्या सोजिराशी झालेल्या झटापटीत, एकविशी पुरी होण्याआधीच, त्यांचा अंत झाला. त्यांच्या छळाचा गवगवा करताना कारभारी बर्वे यांच्यावर दोषारोप केल्याबद्दल टिळक-आगरकरांनी 1882 मध्ये डोंगरीच्या तुरुंगात 101 दिवस काढले. त्या दोषारोपास आधार म्हणून पुढे केलेली पत्रे बनावट ठरली, हे प्रतिपक्षाने सांगण्याआधी आपणच सांगितलेले बरे. महाराज खरोखर भ्रमिष्ट होते काय, यावरही वाद घालता येईल. पण निदान करणारा, कोंडून ठेवणारा आणि मृत्यूनंतर दोष कोणाचा हे ठरविणारा असा एकच पक्ष असेल, तर त्या व्यवस्थेस कायद्याचे राज्य म्हणण्यास फारच उदार अंतःकरण लागते.

आता शाळांकडे वळू. जोतीराव फुल्यांनी 1882 साली हंटर कमिशनपुढे निवेदन देऊन प्राथमिक शिक्षण सक्तीचे करण्याची मागणी केली होती. खुद्द इंग्लंडात ती सक्ती 1880 मध्येच झाली होती, म्हणजे औषधाचा गुण राज्यकर्त्यांना ठाऊक नव्हता असे नाही. तरीही गोखल्यांनी 1911 साली वरिष्ठ कायदेमंडळात आणलेले, अत्यंत सावध आणि जागोजागी सरकारच्या संमतीची अट घातलेले सक्तीच्या शिक्षणाचे विधेयक मार्च 1912 मध्ये 38 विरुद्ध 13 मतांनी फेटाळले गेले. लोकांची मागणी नाही, प्रांतिक सरकारे अनुकूल नाहीत, पैसा नाही, अशी कारणे शिक्षणखात्याचे सभासद सर हार्कोर्ट बटलर यांच्या बाजूने पुढे आली. पैसा नाही! आदल्याच डिसेंबरात दिल्ली दरबारात बादशहांनी शिक्षणासाठी 50 लाख रुपये जाहीर केले होते आणि त्याच मंडपात राजधानी हलविण्याची घोषणा केली होती. त्या नव्या राजधानीच्या बांधकामाचा प्रथम अंदाज 40 लाख पौंडांचा, म्हणजे तेव्हाच्या दराने 6 कोटी रुपयांचा होता. खजिना रिकामा नव्हता. त्याची किल्ली कोणाच्या कमरेला होती, एवढाच प्रश्न होता.

यावर उत्तर वादाने नव्हे, कृतीने दिले गेले. बडोद्यास सयाजीरावांनी 1893 मध्ये अमरेली महालात सक्तीचा प्रयोग करून 1906 मध्ये ती सर्व राज्यास लागू केली. आणि कोल्हापुरात शाहू महाराजांनी 1917 साली प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे केले. मूल शाळेत न धाडणाऱ्या पालकास दरमहा एक रुपया दंड होता, आणि 1918 च्या मार्चमध्ये करवीरलगतच्या चिखलीपासून अंमलबजावणीस आरंभ झाला. रुपया ही त्या काळी कुणब्याच्या घरात सहज सुटणारी रक्कम नव्हे. तो दंड बसविणाऱ्या राजास आपल्या रयतेच्या पात्रतेविषयी शंका नव्हती, तिच्या अडचणींची मात्र पुरती कल्पना होती.

येथे प्रतिपक्ष हसून म्हणेल की, शाहू महाराजांचे शिक्षक फ्रेझरसाहेब इंग्रजच होते, केंब्रिजने त्यांना एलएल. डी. दिली, आणि 1901 च्या त्यांच्या पहिल्या वसतिगृहास नावही व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग असेच होते. हे सर्व खरे आहे आणि ते झाकण्याचे कारण नाही. इंग्रजी विद्येने शूद्रातिशूद्रांना जी फट दाखविली, ती आमच्या शास्त्रीमंडळींनी शतकानुशतके बुजविलेली होती, हेही कबूल. परंतु विद्येचे ऋण मानणे निराळे आणि पालकत्वाचा हक्क मानणे निराळे. महाराजांनी पहिले मानले. दुसरे मानले असते, तर बटलरसाहेबांप्रमाणे तेही लोकांच्या मागणीची वाट पाहत बसले असते.

साम्राज्ये गेली, ही वृत्ती गेली नाही. 1980 नंतर कर्जबाजारी झालेल्या आफ्रिकी राष्ट्रांना वॉशिंग्टनच्या सावकारी संस्थांनी खर्चकपातीचे धडे दिले, आणि प्राथमिक शाळांतही फी घेण्याचा उपदेश त्याच सुमारास झाला. पुढे युगांडाने 1997 मध्ये व केनियाने 2003 मध्ये प्राथमिक फी रद्द करताच, मागणी नाही असे जिच्याविषयी सांगितले जाई तीच जनता मुलांना घेऊन शाळेच्या दारी लोटली. एकट्या केनियात पटावर दहा लाखांहून अधिक मुले वाढली.

आणि आपण? राज्यघटनेने 1950 साली चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणासाठी दहा वर्षांची मुदत सुचविली. ते शिक्षण मुलांचा कायदेशीर हक्क होण्यास 1 एप्रिल 2010 उजाडावे लागले. मधली सबब तीच: साधने अपुरी आहेत. खुर्चीवरचा साहेब बदलला, टिपणी तीच राहिली. 2023 मध्ये राज्य सरकारने कमी पटाच्या शाळा मिटवून समूहशाळा करण्याचा विचार मांडला, तेव्हाही हिशेबाची भाषा निराळी नव्हती. गगनबावडा-शाहूवाडीच्या डोंगरातील धनगरवाड्यांवरचा पट विसाच्या आत राहणारच, कारण तेथे घरेच तेवढी असतात. असा प्रस्ताव उद्या पुन्हा समोर आला, तर शाहूंच्या जिल्ह्यातील ग्रामसभांनी ठरावाने विरोध नोंदवावा, आणि त्याबरोबर 1917 च्या हुकुमाची एक नक्कल मंत्रालयाकडे रवाना करावी.