विसावा हिस्सा आणि दोन टक्के

१५ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरच्या भाषणात बाबासाहेबांनी नवदीक्षित बौद्धांना उत्पन्नाचा विसावा हिस्सा धम्मकार्यासाठी देण्यास सांगितले. विसावा हिस्सा म्हणजे शंभरातले पाच रुपये. ज्यांना हे सांगितले ते कारखानदार नव्हते. हातावर पोट असलेली माणसे होती. ज्या समाजाकडे स्वतःचा निधी नाही, त्याच्या संस्था दुसऱ्याच्या मर्जीवर चालतात.

आज राज्यातील दानाचे चित्र बदलले आहे. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ नुसार ५०० कोटी नक्त मूल्य, १,००० कोटी उलाढाल किंवा ५ कोटी निव्वळ नफा यांपैकी एक निकष पूर्ण करणाऱ्या कंपनीला मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के सामाजिक कार्यावर खर्च करावे लागतात. हाच तो सीएसआर निधी. हा निधी सर्वाधिक मिळणारे राज्य महाराष्ट्रच आहे. पण महाराष्ट्रात तो जातो कुठे? कंपनी जिथे चालते त्या परिसराला प्राधान्य द्यावे, असे कायदाच सांगतो. म्हणजे मुंबई-पुण्याच्या पट्ट्याला झुकते माप आणि २०१८ साली नीती आयोगाने आकांक्षित ठरवलेल्या गडचिरोली, नंदुरबार, वाशीम, उस्मानाबाद (आताचे धाराशिव) या जिल्ह्यांच्या वाट्याला उरलेसुरले.

याच कायद्याच्या सातव्या परिशिष्टात सामाजिक व आर्थिकदृष्ट्या मागास गटांची विषमता कमी करणे हे काम स्पष्ट नमूद आहे. तेव्हा आपण मागतो ती भीक नव्हे! परंतु निधी ठरवणारी समिती संचालकांची असते आणि तिच्यात वंचितांचा प्रतिनिधी असावा, अशी अट कायद्यात नाही. शिवाय कंपनीने स्वतः काढलेल्या प्रतिष्ठानाला पूर्वानुभवाची अट नाही. आपल्या संस्थेला मात्र तीन वर्षांच्या कामाचा पुरावा लागतो. त्याखेरीज आयकराची १२-ए व ८०-जी नोंदणी आणि १ एप्रिल २०२१ पासून सीएसआर-१ हा अर्जही लागतो. या अटींवर बोट ठेवलेच पाहिजे.

पण आपले घर तरी नीट आहे काय? जयंतीला वर्गणी जमते, भोजनदान होते, विहाराला संगमरवर लागतो. हिशेब विचारला की माणसे रागावतात. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमानुसार विश्वस्त बदलले की ९० दिवसांत बदल अर्ज द्यावा लागतो, दरवर्षी लेखापरीक्षण करावे लागते. वकील म्हणून मी धर्मादाय कार्यालयात काय पाहतो? एकाच विहाराच्या दोन कार्यकारिणी, दोघांचे बदल अर्ज, दोघांच्या हरकती. प्रकरण वर्षानुवर्षे पडून राहते आणि त्या काळात संस्थेला कुणी रुपया देत नाही. बाबासाहेबांनी १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी काढली आणि १९४६ साली सिद्धार्थ महाविद्यालय उभे केले. आपण मात्र कोर्टाच्या तारखा मोजतो आहोत.

समाजबांधवांनो, तीन कामे करा. प्रत्येक विहाराचा जमाखर्च पौर्णिमेच्या वंदनेनंतर मोठ्याने वाचा. तालुक्यातील नोकरदार, डॉक्टर, अभियंत्यांनी विसाव्या हिश्श्याचा शिक्षणनिधी उभारून त्यातून वसतिगृहाचा खर्च व परीक्षाशुल्क द्यावे. आणि तीन वर्षांचे चोख हिशेब हाती आले की कंपनीच्या दारात ताठ मानेने जा. तिने कोणती कामे हाती घेतली, समितीवर कोण आहे, हे संकेतस्थळावर जाहीर करणे तिच्यावर बंधनकारक आहे. ते आधी वाचा, मग प्रश्न विचारा.

मात्र एक भान ठेवा. शिष्यवृत्ती आणि अनुसूचित जाती उपयोजना ही सरकारची जबाबदारी आहे. ती दानाच्या खात्यात ढकलू देऊ नका.

कंपनीला दोन टक्के कायद्याने द्यावे लागतात. आपल्याला पाच टक्के बाबासाहेबांनी सांगितले. दोन टक्क्यांचा जाब विचारण्याचा नैतिक अधिकार पाच टक्के देणाऱ्यालाच आहे.

जय भीम!