अतिक्रमण लिहू नका, वहिवाट लिहा

दोंडाईच्याला बाजाराच्या दिवशी आपली माणसं अर्ज टाईप करायला जातात. टाईप करणारा भला माणूस असतो, पण सवयीनं वर विषय ठोकतो : 'वनजमिनीवरील अतिक्रमण नियमित करणेबाबत.' आपण खाली अंगठा देतो. म्हणजे गुन्हा कबूल करूनच हक्क मागायला निघालो!

इंग्रजी कागदांत दोन शब्द येतात, 'एन्क्रोचमेंट' आणि 'ऑक्युपेशन'. वरवर दोन्हींचा अर्थ एकच : जमिनीवर कुणीतरी बसलं आहे. पण पहिल्या शब्दाच्या पोटात आकडा आहे. तो जुन्या फ्रेंचमधून आला, आकडा टाकून ओढून घेणं असा त्याचा मूळ अर्थ. तारेवर आकडा टाकतात ना, तसाच. म्हणजे जमीन दुसऱ्याची आणि हा घुसला, हे चौकशीआधीच ठरलं. 'ऑक्युपेशन' हाही काही धुतला तांदूळ नाही, फौज मुलूख बळकावते तेव्हा हाच शब्द वापरतात. पण जमिनीच्या कायद्यात त्याचा अर्थ ताबा, वहिवाट. फॉर्मवर 'धंदा' विचारतात तिथंही इंग्रजीत हाच शब्द असतो, आणि तिथं आपण 'शेती' लिहितो. जो खेडतो, त्याचा हा शब्द.

३ मे २००२ ला केंद्राच्या वन मंत्रालयानं पत्र काढलं : सगळी 'एन्क्रोचमेंट' ३० सप्टेंबरपर्यंत हटवा. २००६ च्या वनहक्क कायद्याच्या कलम ३ मध्ये मात्र 'ऑक्युपेशन' आहे. नांगर तोच, माणूस तोच. पहिल्या कागदात तो आरोपी, दुसऱ्यात हक्कदार. आम्हाला वाटतं, हा बदल मोर्च्यांत चालून चालून मिळवलेला आहे, तो टाईपरायटरवर घालवायचा नाही.

पण फॉरेस्टवाल्यांनी फाडलेली दंडाची जुनी पावती फेकू नका. तिच्यावर 'अतिक्रमण' लिहिलंय? असू द्या. १३ डिसेंबर २००५ च्या आधीची तारीख आणि जागा तिच्यावर असेल, तर आपण तिथं खेडत होतो हे त्यांच्याच सहीनं सिद्ध होतं. तिची झेरॉक्स दाव्याला जोडा. एका पुराव्यावर भागत नाही, म्हणून म्हाताऱ्या माणसांचा जबाबही लेखी घ्या. आणि नमुना 'अ' भरताना, ग्रामसभेचा ठराव लिहिताना शब्द एकच : वहिवाट.